‘सर, बोर्ड गेला!’ असं म्हणण्याआधी

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, शाळेच्या टिंकरिंग लॅबमध्ये सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं? माझ्या मते ते ‘सर, बोर्ड गेला!’ हेच आहे. दिवा लुकलुकत नाही, बोर्ड गेला. प्रोग्रॅम चढत नाही, बोर्ड गेला. स्क्रीनवर चित्रविचित्र अक्षरं आली, तरी बोर्डच गेला. मग कपाटातून दुसरा बोर्ड निघतो, पहिला ‘खराब’ लिहिलेल्या डब्यात पडतो आणि तास पुढे सरकतो. वर्षाअखेरीस तो डबा उघडून एकेक बोर्ड शांतपणे तपासला, तर त्यातले बरेचसे ठणठणीत निघतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. मायक्रोकंट्रोलर शिकवताना जो बिघाड येतो, विशेषतः रीसेटचा आणि सिरीयल संवादाचा, तो धड्यातला अडथळा म्हणून बघू नये. तोच त्या दिवसाचा धडा आहे. दिवा लुकलुकवणं इंटरनेटवरचा प्रोग्रॅम उतरवून कुणालाही जमतं. तो का लुकलुकत नाही हे शोधताना मात्र मूल निरीक्षण करतं, अंदाज बांधतं, तो तपासतं आणि चुकला तर सोडून देतं. विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्या पानांवर जी ‘वैज्ञानिक पद्धत’ असते, ती इथे हातात येते.

विषय आत्ताच काढण्याला कारण आहे. अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून शाळांना टिंकरिंग लॅब मिळू लागल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या या लॅबला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. आजवर देशात अशा १० हजार लॅब उभ्या राहिल्या आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. म्हणजे बोर्ड गावोगाव पोचणार. पण बोर्डासोबत बिघाडही पोचणार, आणि तो निस्तरायला प्रत्येक शाळेत इंजिनीअर नसणार. तिथे असणार आहोत आपण, विज्ञानाचे किंवा गणिताचे शिक्षक. म्हणून बिघाड कसा शोधायचा हे आपल्याला आणि मुलांना यायलाच हवं.

आधी निरोप वाचा

शाळांमध्ये बहुतेक ठिकाणी आर्डुइनो ऊनो किंवा त्याची स्वस्त नक्कल वापरतात. प्रोग्रॅम चढला नाही की खाली लाल-केशरी अक्षरांत इंग्रजी निरोप येतो. मुलं तो वाचतच नाहीत. ‘एरर आला’ एवढंच सांगतात. हे म्हणजे डॉक्टरकडे जाऊन ‘दुखतंय’ एवढंच सांगण्यासारखं झालं. कुठे दुखतंय, कधीपासून?

पहिला नियम असा करा की निरोप मोठ्याने वाचायचा. इंग्रजी कच्चं असलं तरी चालेल, दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की झालं. एक, कॉम्प्युटरला पोर्टच दिसत नाही. दोन, पोर्ट दिसतो पण बोर्ड उत्तर देत नाही. त्यात ‘नॉट इन सिंक’ असे शब्द असतात. या दोन तक्रारींची घरं वेगळी आहेत.

पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बघा. मोबाइल चार्जिंगच्या काही केबलमध्ये फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा असतात, माहिती नेणाऱ्या ताराच नसतात. बोर्डावरचा हिरवा दिवा लागतो, म्हणून मूल म्हणतं, ‘केबल चांगली आहे सर, लाइट लागलाय ना!’ वीज पोचणं आणि निरोप पोचणं यातला फरक समजावायला याहून सोपं उदाहरण शोधूनही मिळणार नाही. केबल ठीक असेल तर ड्रायव्हर. नकली बोर्डांवर बहुधा सीएच ३४० नावाची चिप असते आणि जुन्या कॉम्प्युटरवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. लॅबमध्ये लिनक्स असेल, तर पोर्ट दिसूनही परवानगी नाकारली जाते. तेव्हा त्या वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घालावं लागतं. यात बोर्डाचा काय दोष?

पोर्ट दिसतोय पण उत्तर नाही, अशा वेळी तीन प्रश्न विचारायचे. मेनूमध्ये बोर्ड आणि पोर्ट बरोबर निवडलाय का? दुसऱ्या एखाद्या खिडकीने तोच पोर्ट धरून ठेवलाय का? आणि शून्य व एक नंबरच्या पिनांना काही जोडलंय का? हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. ऊनोवर या दोन पिना आणि यूएसबीचा संवाद एकाच वाटेने जातात. मुलांनी ब्लूटूथ मॉड्यूल याच पिनांना लावलेलं असतं, कारण त्यांच्याजवळ ‘आरएक्स’, ‘टीएक्स’ असं छापलेलं असतं. मग कॉम्प्युटर आणि मॉड्यूल एकाच तारेवर बोलू पाहतात. मॉड्यूलची तार काढा, प्रोग्रॅम चढवा, परत लावा. एका मिनिटात सुटणारी गोष्ट आहे, पण तेवढ्यासाठी कितीतरी बोर्ड डब्यात जातात.

रीसेट म्हणजे नेहमीच बिघाड नव्हे

एक मजेशीर तक्रार नेहमी येते. मुलांनी मोजणीचा प्रोग्रॅम केलेला असतो. बोर्ड पाच मिनिटं चालू आहे, मोजणी बरीच पुढे गेली असणार म्हणून कौतुकाने सिरीयल मॉनिटर उघडतात, तर मोजणी पुन्हा शून्यापासून! ‘मॅडम, हा आपोआप रीसेट होतो.’

होतो, आणि तो मुद्दामच तसा बनवलेला आहे. मॉनिटर उघडला की कॉम्प्युटर पोर्टची एक खूण-तार खाली ओढतो. ती तार एका छोट्या, १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेट पिनेपर्यंत गेलेली असते. तिथे क्षणभर धक्का बसतो आणि चिप पहिल्यापासून सुरू होते. असं का केलं? कारण नवा प्रोग्रॅम चढवताना चिप नुकतीच जागी झालेली असावी लागते. जागी झाल्या झाल्या बूटलोडर नावाचा छोटासा प्रोग्रॅम थोडा वेळ वाट बघतो, ‘नवीन काही येतंय का?’ आलं नाही तर जुनाच प्रोग्रॅम चालू करतो. ही सोय नसती तर दर वेळी नेमक्या क्षणी रीसेटचं बटण दाबावं लागलं असतं.

पाचवी-सहावीच्या मुलालाही हे कळतं. त्याहून मोठी गोष्ट त्याला कळते ती अशी, की जे अनपेक्षित आहे ते सगळं बिघडलेलंच असतं असं नाही. कधीकधी आपल्यालाच यंत्राचा स्वभाव माहीत नसतो. हे वाक्य माणसांनाही लागू पडतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आता खरा त्रासदायक रीसेट बघू. सर्वो मोटर फिरायला लागली की बोर्ड मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. मुलं प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! चूक प्रोग्रॅममध्ये नसते, विजेत असते. मोटर सुरू होताना किंवा अडकल्यावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. त्या झटक्याने व्होल्टेज खाली येतं. चिपमध्ये एक पहारेकरी असतो; व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की तो चिपला रीसेटमध्ये धरून ठेवतो, म्हणजे अर्धवट विजेवर ती भलतंसलतं काही करणार नाही. ऊनोवर ही पातळी साधारण २.७ व्होल्टला ठेवलेली असते. गावात कुणी पाण्याची मोटर सुरू केली की घरातला दिवा मंदावतो, हे आपल्या मुलांनी रोज पाहिलेलं आहे. तेच इथे घडतं.

त्यात प्रदर्शनाच्या गाड्यांमध्ये ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावायची जणू पद्धतच पडली आहे. तिच्यावर आकडा मोठा दिसतो, म्हणून मुलांना वाटतं ताकदही मोठी. पण मोटरला लागणारा करंट ती फार वेळ देऊ शकत नाही. व्होल्ट आणि ताकद यातला फरक दहावीच्या पुस्तकात सूत्राने शिकवतो. इथे तो गाडी बंद पडून शिकता येतो. उपाय साधा आहे. मोटरला वेगळा वीजपुरवठा द्यायचा, मात्र दोन्हीकडची ग्राउंड तार एकमेकींना जोडायची. ती जोडली नाही तर सिग्नलला संदर्भच उरत नाही.

बोर्ड खरंच रीसेट होतोय की नुसता अडकलाय, हे कसं ओळखायचं? प्रोग्रॅमच्या ‘सेटअप’ भागात ‘सुरू झालो’ असा एक शब्द छापायला सांगा. तो भाग रीसेटनंतर एकदाच चालतो. मॉनिटरवर तो शब्द पुन्हा पुन्हा आला तर बोर्ड रीसेट होतोय. एकदाच आला आणि पुढे शांतता, तर प्रोग्रॅम कुठेतरी अडकलाय. मोटरची तार काढल्यावर शब्द पुन्हा येणं थांबलं, तर चोर सापडला. नाही थांबलं तर मेमरी बघा. ऊनोमध्ये कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट आहे. मोठमोठी वाक्यं आणि याद्या भरल्या की ती ओसंडते आणि बोर्ड वेड्यासारखा वागू लागतो.

चित्रविचित्र अक्षरं

स्क्रीनवर उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन आणि भुतासारखी अक्षरं आली की बहुतेक वेळा कारण एकच असतं. बोर्ड एका वेगाने बोलतोय आणि कॉम्प्युटर दुसऱ्या वेगाने ऐकतोय. प्रोग्रॅममध्ये ९६०० लिहिलंय आणि मॉनिटरच्या कोपऱ्यात ११५२०० निवडलंय. ९६०० च्या वेगात एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो, ११५२०० मध्ये सुमारे ८.७. प्रत्येक अक्षरामागे सुरुवातीचा एक, माहितीचे आठ आणि शेवटचा एक असे दहा बिट जातात, म्हणून ९६०० च्या वेगात सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं.

हे फळ्यावर सांगून डोक्यावरून जातं. त्यापेक्षा वर्गात खेळ घ्या, एक पैसा लागत नाही. एका मुलीच्या हातात एक पांढरं आणि एक काळं कार्ड द्या. पांढरं म्हणजे १, काळं म्हणजे ०. काही बोलायचं नसेल तेव्हा पांढरं धरून ठेवायचं. आता तिने दर चार सेकंदांनी एक याप्रमाणे दाखवायचं: आधी काळं, ही सुरुवातीची खूण. मग पांढरं, पाच वेळा काळं, पांढरं, काळं. शेवटी पांढरं, ही संपल्याची खूण. उजवीकडच्या बाकांनी सुरुवातीची खूण दिसताच दर चार सेकंदांनी नोंद करायची, डावीकडच्यांनी दर दोन सेकंदांनी. खुणांमधले आठ अंक उलट क्रमाने लिहिले की उजवीकडच्यांना ०१०००००१ मिळतं, म्हणजे ६५, म्हणजे इंग्रजी कॅपिटल ‘ए’. डावीकडच्यांची वही मात्र भलत्याच अंकांनी भरते, आणि बोलणारीने काहीच चूक केलेली नसते! त्यानंतर त्या वर्गातलं कुणी स्क्रीनवर विचित्र अक्षरं बघून ‘बोर्ड गेला’ म्हणत नाही. ‘वेग बघ, वेग’ म्हणतं.

दोन बोर्ड एकमेकांशी बोलत नसतील तर आणखी दोन गोष्टी बघाव्यात. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला जोडायचं, म्हणजे एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला. आणि दोघांची ग्राउंड जोडलेली हवी.

संशयिताची खरी चौकशी

एवढं करूनही बोर्डावर संशय असेल तर एक छान चाचणी आहे. ऊनोची रीसेट पिन एका तारेने ग्राउंडला जोडा, म्हणजे मुख्य चिप झोपून राहील. मग शून्य आणि एक नंबरच्या पिना एकमेकींना जोडा. आता मॉनिटरमध्ये काहीही लिहून पाठवा. जे पाठवलं तेच परत आलं, तर कॉम्प्युटर, केबल, ड्रायव्हर आणि यूएसबीची चिप हे सगळे निर्दोष. पिनांमधली तार काढल्यावर परत येणं थांबलं पाहिजे, हेही बघा. अर्धी वाट एका फटक्यात तपासून झाली!

बोर्ड बदलून बघणं चूक आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही. बदलणं हीसुद्धा चाचणीच आहे. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तोच कॉम्प्युटर, तीच केबल, तोच प्रोग्रॅम, जोडलेल्या सगळ्या तारा काढलेल्या, आणि फक्त बोर्ड दुसरा. मग चाललं, तर पहिल्या बोर्डावर ठपका ठेवायला हरकत नाही. बोर्ड खरोखर मरतातही. चुकून १२ व्होल्ट पिनेला लागले तर काय होणार? पण केबल, पोर्ट आणि बोर्ड तिन्ही एकदम बदलले तर बिघाड पळून जातो आणि कळत काहीच नाही.

पण वेळ कुठे आहे?

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पस्तीस मिनिटांची तासिका, चाळीस मुलं, पाच-सहा चालू बोर्ड, आणि डोक्यावर विज्ञान प्रदर्शन. अशा वेळी शिक्षकाने तार खोचून देणं आणि पुढच्या बाकाकडे वळणं हे स्वाभाविक आहे. पण त्याचा परिणाम बघा. मुलाला शिकायला मिळतं ते एवढंच, की अडलं की सर येतात. प्रदर्शनात परीक्षकांसमोर गाडी थांबली की ते मूल गर्दीत सरांना शोधत राहतं.

म्हणून तीन सवयी सुचवतो, ज्यांना फारसा वेळ लागत नाही.

पहिली सवय आपली: हात मागे बांधायचे. मुलाच्या बोर्डाला हात लावायचा नाही, प्रश्न विचारायचा. ‘शेवटचं कधी चाललं होतं? त्यानंतर तू काय बदललंस?’ निम्मे बिघाड या दोन प्रश्नांवरच सुटतात.

दुसरी सवय, बिघाडवही. चार रकाने: काय दिसलं, काय वाटलं, काय करून पाहिलं, काय कळलं. चार ओळी पुरतात. चुकीचा अंदाजही खोडायचा नाही. प्रकल्पाच्या गुणांमधले थोडे गुण या वहीला द्या. गटात तारा नेहमी तीच दोन मुलं हाताळतात आणि मुली फक्त लिहून घेतात, हे आपण सगळे बघतो. वही आणि बोर्ड दर तासाला फिरता ठेवला तर तेही थोडं सुटेल.

तिसरी सवय, महिन्यातून एक तास मुद्दाम बिघडवलेल्या बोर्डांचा. एकात चार्जिंगची केबल, एकात चुकीचा वेग, एकात शून्य नंबरच्या पिनेला तार, एकात न जोडलेली ग्राउंड. प्रत्येक गटाने चोर शोधायचा आणि ‘हे कशावरून?’ याचं उत्तर द्यायचं. मुलं असा तास सोडत नाहीत.

एक मर्यादा मात्र आधीच ठरवून घ्या. जळका वास, गरम झालेली चिप, फुगलेली बॅटरी, घरगुती वीज, यांपैकी काहीही असेल तर शोध बंद. आधी वीज तोडायची आणि मोठ्यांना बोलवायचं. इथे हात मागे बांधून चालणार नाही.

पालकांनाही थोडं सांगायचं आहे. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मूल रडवेलं होऊन ‘चालत नाहीये’ म्हणतं, तेव्हा बाजारातून तयार प्रकल्प आणून देणं सोपं असतं. काही शे रुपयांचा नवा बोर्ड मागवणं त्याहून सोपं. त्याऐवजी दहा मिनिटं शेजारी बसा. इलेक्ट्रॉनिक्स येत नसेल तर उत्तमच, कारण मग तुम्ही उत्तर देणार नाही, प्रश्न विचाराल. ‘काय काय चालतंय ते आधी सांग बघू’ एवढंच म्हणा. चालणाऱ्या गोष्टींची यादी करता करता मूल न चालणाऱ्या गोष्टीपाशी आपोआप येतं.

शिक्षक मित्रांनो, आजचे बोर्ड उद्या जुने होतील. ऊनो २०१० मध्ये आला. आपले विद्यार्थी नोकरीला लागतील तेव्हा कदाचित कुठल्याशा कपाटात असेल. पण ‘एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि काय झालं ते लिहून ठेव’ ही शिस्त शेतातल्या पंपालाही चालते, दवाखान्यातही चालते आणि घरखर्चाच्या हिशेबातही. तेव्हा पुढच्या आठवड्यात तो ‘खराब’ लिहिलेला डबा मुलांसमोर टेबलावर रिकामा करा आणि प्रत्येक गटाला त्यातला एकेक बोर्ड द्या. किती बोर्ड परत कपाटात गेले, आणि मुलांनी कशावरून ठरवलं, ते खाली नक्की लिहा.